एप्रनमागचा खिळा

स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाखाली दोन्ही बाजू समोरासमोर आल्या, तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले आणि कोणीच काही बोललं नाही. ‘प्रवास कसा झाला’, ‘गाडीला गर्दी होती का’, ‘अगं, किती वाळलीस’ असली वाक्यं इकडून तिकडे गेली आणि तिथेच विरली. इकडे आबा, आजी आणि त्यांचा धाकटा. तिकडे थोरली, तिचा नवरा आणि त्यांची सात वर्षांची पोर. तिला घरीदारी भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी म्हणून राहायची नाही.

शहर दोन्ही बाजूंना परकं होतं, आणि म्हणूनच निवडलेलं. जावयाच्या घरी पाऊल टाकायचं नाही असं आबांनी लग्नाच्या वर्षीच ठरवलं होतं, आणि नवऱ्याला सोडून एकटीने माहेरी जायचं नाही असं थोरलीने त्याच वर्षी ठरवलं होतं. बाप-लेकीचा हट्ट एकाच चामड्यातून कापलेला. त्या ओढाताणीत आजीची नात नुसती फोटोतून वाढत होती. शेवटी आजीनेच तोड काढली. ना तुमचं घर ना आमचं. एखादं मोठं शहर पोरीला दाखवू, दिवसभर फिरू आणि संध्याकाळी आपापल्या गाडीला लागू. थोरली फोनवर हो म्हणाली होती, पण अट घालून.

“एक दिवस, आई. आबांनी त्याला एक जरी टोमणा मारला ना, तर मी पोरीला घेऊन मिळेल त्या गाडीने परत. मग पुन्हा मला विचारू नकोस.”

आजीने ही अट आबांच्या कानावर घातली, तेव्हा ते म्हणाले, “मला काय कळत नाही का?” हे ऐकून तिची काळजी कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच.

आबांच्या रागाचं कारण सगळ्या घराला पाठ होतं. ते हाताने बूट शिवत. त्यांचे वडीलही शिवत. थोरलीचा हात घरात सगळ्यात चांगला, दुकान तीच चालवणार असं आबांनी मनात धरलेलं. आणि तिने लग्न केलं ते तयार बुटांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाशी. ज्या बुटांचे तळ शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात, तसल्या बुटांच्या दुकानात.

या घराची एक रीत होती. घरात जो कोणी येईल, मूल असो, सून असो, जावई असो, त्याचं पाऊल कागदावर उतरवायचं आणि त्या मापाचा लाकडी फर्मा करायचा. फर्मा म्हणजे ज्यावर चामडं ओढून बूट शिवतात तो लाकडाचा पाय. तो कामाच्या खोलीत भिंतीवर टांगायचा. त्यावर नाव नाही, नातं कोरायचं. ‘थोरली’, ‘धाकटा’, ‘घरची’. भिंतीवर आलात म्हणजे घरात आलात. थोरलीच्या लग्नानंतर आजीने तिच्या फर्म्याशेजारी जावयाच्या फर्म्यासाठी स्वतःच्या हाताने एक खिळा ठोकला होता. आबांनी त्या खिळ्यावर आपला चामड्याचा एप्रन अडकवला. तो नऊ वर्षं तिथेच लटकत होता.

आणि आज त्याच आबांनी काखेतला खोका भिंगरीपुढे धरला.

खोक्यात बूट होते. तांबूस, मऊ, दोन-दोन बकलांचे. त्यांची शिवण इतकी बारीक की धाकट्याने रोज शेजारी बसून बघूनही पुन्हा एकदा वाकून बघितली.

“घाल बघू,” आबा म्हणाले. स्वतः खाली बसून त्यांनी बकलं लावली. “कसे आहेत?”

भिंगरीने आईकडे बघितलं, मग बाबांकडे. गाडीत दोघांनीही तिला वेगवेगळं गाठून एकच गोष्ट बजावली होती: आज कसलीही कुरकुर करायची नाही.

“आवडले,” ती म्हणाली.

आजीचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा तिने संध्याकाळपर्यंत राखून ठेवला.

“तिचे जुने बूट पिशवीत असू देत का?” जावयाने हळूच विचारलं. “नवीन बूट आहेत, कधी…”

“जुने कशाला हवेत?” म्हणत आबांनी ते सामान ठेवायच्या खोलीत, सगळ्या बॅगांच्या तळाशी, स्वतः नेऊन ठेवले.

*

जावयाच्या ते तिसऱ्याच रस्त्यावर लक्षात आलं. त्याचा दिवस लोकांच्या पावलांकडे बघण्यात जायचा. गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी चेहरा नाही, चाल दिसायची. भिंगरी पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होती. बोटं आत आक्रसलेली. एरवी फुटपाथवरच्या प्रत्येक खांबाला गिरकी घेणारी पोर आजीचं बोट धरून शहाण्यासारखी चालली होती.

“किती शिस्तीची आहे,” आबा कौतुकाने म्हणत होते. “आणि तुम्ही हिला भिंगरी म्हणता.”

पूल आला. खाली नदीत माल वाहणारी लांबलचक होडी चालली होती. धाकटा हातात शहराचा नकाशा धरून पुढे, आणि प्रत्येक चौकात तो नकाशा उलटा करून बघायचा. सगळे कठड्याशी थांबले तशी जावयाने थोरलीला बाजूला घेतलं.

“बूट लागतायत तिला. पुढे अरुंद आहेत.”

“आबांचे बूट आहेत ते.”

“असू देत ना. चाल बघ तिची.”

“सकाळपासून बूटच बघतोयस तू,” थोरली दबक्या आवाजात म्हणाली. “एक दिवस दुकान बंद ठेव. आबांनी आज तोंडातून एक वाकडा शब्द काढलेला नाही, आणि तू त्यांच्या कामात खोड काढतोयस?”

नवऱ्यासाठी बापाशी भांडलेली बाई शिवणीचा विषय निघाला की अजून बापाचीच लेक होती. हे जावयाला नवीन नव्हतं, पण आज लागलं. शिवाय तिने पोरीच्या पावलाचं माप स्वतः कागदावर काढून टपालाने पाठवलं होतं. माप तिचं, हात आबांचा. यात चूक कुठून येणार? तो गप्प बसला. आपण तोंड उघडलं तर चिकटवलेल्या बुटांचा माणूस म्हाताऱ्याला अक्कल शिकवतोय असं होईल, आणि सासूबाईंचा दिवस वाया जाईल. त्याने एवढंच केलं, की पुलाच्या पलीकडे गेल्यावर आइस्क्रीमची गाडी दिसताच सगळ्यांना बसायला लावलं. भिंगरीने बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीपासून वर उचलून धरले.

*

पुढचा टप्पा शहरातला उंच मनोरा. त्याची वर जायची लिफ्ट चालू होती, रांगही लहान होती. पण आबांनी जिन्याकडे बोट दाखवलं.

“बूट कसे आहेत ते पायऱ्यांवर कळतं. चल गं, तू आणि मी.”

“अहो, तुमचे गुडघे,” आजी म्हणाली.

“माझ्या गुडघ्यांना काय झालंय?”

गुडघ्यांना काय झालंय हे पहिल्या वळणावर कळलं, पण आबा कबूल करणाऱ्यातले नव्हते. बाकीचेही मागोमाग चढत होते. भिंगरी कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. तिसऱ्या वळणावर ती खाली बसली. रडली नाही, काही बोलली नाही, नुसती बसली. मागून येणाऱ्या लोकांना बाजूने जावं लागलं. जावई दोन-दोन पायऱ्या चढत वर आला आणि त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं.

“एवढी मोठी पोर खांद्यावर?” आबांना दम लागला होता, आणि दम लागला की त्यांच्या जिभेवरचा ताबा सुटायचा. “आमच्या बुटांत पाय दुखत नाहीत कुणाचे. तुमच्या दुकानातल्या बुटांची सवय असेल तिला, म्हणून चालता येत नसेल.”

आजीने डोळे मिटले. थोरलीने मनगटावरच्या घड्याळात बघितलं, आणि ते बघणं सगळ्यांना समजलं.

“आबा,” हे धाकटा म्हणाला. बापाच्या शेजारी बसून आयुष्य काढलेला, मोठ्या आवाजात कधी न बोललेला धाकटा. “हे बोलायची काही गरज नव्हती. दम तुम्हाला लागलाय, राग भाऊजींवर कशाला?”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“मग कधी बोलू? घरी तुम्ही बोलू देत नाही.”

“तू बोललास तेवढं पुरे,” थोरली भावाला म्हणाली. मग नवऱ्याला, “चल. स्टेशनवर.”

आजी दोन पायऱ्या वर आली. नातीला मांडीवर घेऊन बसायचं तिचं अजून राहिलंच होतं. पुलावर गर्दी होती आणि आइस्क्रीमच्या वेळी हात चिकट होते. एवढ्याशा गोष्टीसाठी तिने कितीतरी महिने फोनवर दोघांची मनं वळवली होती.

“थोरले,” ती म्हणाली, “तुझी अट मला मान्य आहे. मिळेल त्या गाडीने गेलीस तरी मी अडवणार नाही. पण पोरीने फोनवर वरून शहर बघायचं म्हणून हट्ट धरला होता ना? ते बघू दे. मग जा.”

आणि हो-नाही म्हणायच्या आत जावयाने पुढची पायरी चढायला सुरुवात केली. खांद्यावर पोर असलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? सगळे त्याच्या मागून निमूट वर गेले.

वर वारा होता. खाली छपरं, धुराडी, रेल्वेचे रूळ, मुंगीएवढी माणसं. भिंगरी बाकावर बसूनच जाळीतून बघत होती. आबा जरा अंतर ठेवून तिच्या शेजारी टेकले. थोरली दुसऱ्या टोकाला पाठमोरी उभी.

“आबा, एवढ्या सगळ्यांचे बूट कोण करतं?” भिंगरीने विचारलं.

“मशीन करतं.”

“बाबा म्हणतात मशीनला पाय दिसत नाहीत. म्हणून ते दुकानात गुडघ्यावर बसून सगळ्यांचे पाय बघतात. नाही बसला बूट तर विकतच नाहीत. मालक ओरडतो त्यांना.”

आबांनी मान वळवली. त्यांनी बघितलं तर जावई आजीला वाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून मध्ये आडोशाला उभा होता. आपण उगाच बोललो, हे त्यांना जिन्यातच कळलं होतं. पण कळणं आणि तोंडाने म्हणणं यात आबांच्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर असायचं.

खाली येताना मात्र ते लिफ्टने आले.

*

मनोऱ्यासमोरच्या चौकात मोठं कारंजं होतं. जमिनीतूनच पाण्याच्या धारा उसळायच्या आणि मुलं त्यांतून धावायची. थोरली गाड्यांच्या वेळा विचारायला कोपऱ्यावरच्या चौकशी खिडकीकडे गेली होती. धाकटा तिची समजूत घालायला मागोमाग गेला. आजी डबा उघडत होती, जावई पाण्याची बाटली भरायला गेला होता. आबा बाकावर बसून बुटाच्या टोकाने जमीन उकरत होते.

आजीने मान वर केली. “पोर कुठाय?”

आबांनी चौकभर नजर फिरवली. पण पोर समोरच होती. कारंज्यात. धारांच्या मधोमध, दोन्ही हात पसरून, गरगर गिरक्या घेत, मोठमोठ्याने हसत. सकाळपासून जी भिंगरी कुणाला दिसली नव्हती ती आत्ता दिसत होती.

बाकाखाली तांबूस बूट शेजारी शेजारी नीट ठेवलेले होते, आत मोजे गुंडाळून. आबांनी एक बूट उचलला. सवयीने आत बोट घातलं. करंगळीच्या बाजूचं अस्तर दबून ओलसर झालं होतं. त्यांनी बोट बाहेर काढून बघितलं. रक्त नव्हतं. पण फोड नक्कीच आला असणार.

भिंगरी कारंज्यातून धावत बाहेर आली, कोरड्या फरशीवरून एक मोठी फेरी मारून पुन्हा आत पळाली. फरशीवर तिची ओली पावलं उमटली. आबा उठले आणि त्या पावलांवर वाकले.

आयुष्यभर त्यांनी पावलंच वाचली होती. हे पाऊल पुढे पसरट होतं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब, टाच अरुंद. आणि त्यांनी बूट शिवले होते ते थोरलीच्या लहानपणच्या फर्म्यावर. तिचं पाऊल लांबट, निमुळतं, त्यांच्या स्वतःच्या पावलासारखं. पोरीचं माप टपालाने आलं होतं. त्यांनी ते बघून बाजूला ठेवलं होतं. लांबी तेवढी घेतली, रुंदी नाही. पाऊल उतरवताना पेन्सिल अगदी उभी धरावी लागते. तिरकी झाली की रेघ बाहेर सरकते आणि पाऊल आहे त्याहून रुंद दिसतं. ‘पेन्सिल तिरकी धरलीय हिने,’ असं ते धाकट्याला म्हणाले होते. ‘तिकडे राहून हातच बिघडला.’ आपली नात म्हणजे आपलंच पाऊल, यात त्यांना शंका आलीच नव्हती.

“ए, पुरे आता, भिजलीस,” म्हणत जावई आला. बाटली आजीच्या हातात दिली, आपले बूट-मोजे काढले, पॅन्ट दुमडली आणि पाण्यात शिरून पोरीला पकडून आणलं. दोघंही हसत होते. आबांच्या समोरून ती दोघं चालत आली आणि फरशीवर पावलांच्या दोन रांगा उमटल्या. एक मोठी, एक लहान. पुढे पसरट, दुसरं बोट लांब, टाच अरुंद.

आबा बराच वेळ खाली बघत राहिले. लहान पावलं उन्हात वाळायला लागली होती.

“पोरी, बूट लागत होते तुला?”

भिंगरीचं हसू गेलं. तिने बाबांकडे बघितलं.

“सांग,” जावई म्हणाला. “खरं सांग.”

“थोडेसे,” ती म्हणाली. “पण आवडले.”

आबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

“तुम्हाला दिसलं होतं,” ते जावयाला म्हणाले.

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

जावई पोरीचे ओले केस रुमालाने पुसायला लागला. उत्तर ऐकायची आबांनाही गरज नव्हती. माणसाने बोलू नये अशी व्यवस्था त्यांनीच नऊ वर्षं करून ठेवली होती.

थोरली आणि धाकटा परत आले, तेव्हा आबा फरशीवर मांडी घालून बसले होते. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. थोरलीने बापाला आयुष्यात असं चारचौघांत जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं. तिचा राग जागच्या जागी थांबला.

“काय झालं?”

“तो नकाशा दे,” आबा धाकट्याला म्हणाले.

“आता कुठे जायचंय?”

“दे म्हटलं ना. तसाही तुला तो वाचता येत नाही.”

नकाशाची मागची बाजू कोरी होती. आबांनी ती पसरली, कानामागची पेन्सिल काढली आणि जावयाकडे मान वर करून बघितलं.

“पाय ठेवा. आधी पुसून घ्या, कागद भिजेल. डावा. मग उजवा. लोक एकच पाय देतात आणि दुसरा जन्मभर तक्रार करतो.”

जावई थिजल्यासारखा उभा राहिला. आजीने डब्याचं झाकण तसंच हातात धरलं होतं. थोरलीने नवऱ्याच्या पाठीला हलकेच हात लावला आणि त्याने पाय पुढे ठेवला. आबांनी पेन्सिल सरळ उभी धरून त्याच्या पावलाभोवती रेघ काढली, टाचेपाशी सावकाश, बोटांपाशी त्याहून सावकाश. जावयाला गुदगुल्या होत होत्या, पण तो हलला नाही. दोन्ही पाय झाल्यावर आबांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: जावई.

“आता माझा,” भिंगरी म्हणाली आणि पाय पुढे करून बसली.

आबांनी पेन्सिल थोरलीपुढे धरली.

“तू काढ.”

“मी कशाला? तुम्ही आहात ना.”

“तू पाठवलेली रेघ बरोबर होती,” आबा म्हणाले. “मला वाटलं तुझी पेन्सिल तिरकी झाली. ती सरळच होती. माझीच चूक झाली, थोरले. आणि आज जिन्यात बोललो तीही.”

थोरली बापाशेजारी फरशीवर बसली, पोरीचा पाय हातात घेतला, करंगळीवरच्या फोडावर हळूच फुंकर घातली आणि रेघ काढायला लागली. आबांनी एकदाही वाकून तपासलं नाही. ते समोरच्या कारंज्याकडे बघत राहिले, आणि हे त्यांना किती जड गेलं ते फक्त धाकट्याला कळलं.

“गाडी कधीची आहे तुमची?” आजीने घाबरत घाबरत विचारलं.

“ठरली होती तीच,” थोरली म्हणाली. “संध्याकाळची.”

मग आजी बाकावर नीट बसली आणि ओल्या भिंगरीला तिने तशीच मांडीवर ओढली. साडी भिजली. भिजू दे, म्हणाली.

“पण ही आता चालणार कशी?” धाकट्याने विचारलं.

आबांनी चौकाच्या पलीकडे बघितलं. तिथे तयार बुटांचं भलंमोठं, काचांचं दुकान होतं.

“तिथून सपाता घेऊ हिला. आजच्यापुरत्या.” मग जावयाकडे वळून, “तुम्ही बघून द्या. मला त्यातलं काही कळत नाही.”

“चिकटवलेल्या असतात हं, आबा,” धाकटा म्हणाला.

“गप रे.”

जावई पहिल्यांदाच मोकळेपणाने हसला. तो हसला तसे सगळेच हसले.

*

उरलेला दिवस भिंगरीने दुप्पट वसूल केला. निळ्या सपाता घालून तिने एक खांब सोडला नाही. संध्याकाळी स्टेशनवर थोरलीची गाडी आधी लागली. तांबूस बूट आबांनी काखेत धरले होते. मोठ्या फर्म्यावर ओढून बघतो, नाही जमलं तर नवे शिवतो, असं ते पोरीला तीनदा सांगून झाले होते.

“बूट घालून बघायला कधी येताय?” त्यांनी विचारलं. जावयाला विचारलं, थोरलीला नाही.

“तुम्ही म्हणाल तेव्हा, आबा.”

गाडी हलली. खिडकीतून एक निळी सपात बाहेर आली आणि आईच्या हाताने आत ओढली गेली.

परतीच्या गाडीत धाकटा लगेच झोपला. आबांनी घडी केलेला नकाशा मांडीवर ठेवला होता आणि दोन्ही हात त्यावर. ते म्हणाले, “अगं.”

“काय?”

“त्या खिळ्यावरचा माझा एप्रन… उद्या जरा दुसरीकडे कुठे तरी टांग.”

आजी खिडकीबाहेर बघत होती.

“तो मी आज सकाळी निघतानाच काढून ठेवलाय,” ती म्हणाली.